सिझेरियन : विचारायचं ते सातव्या महिन्यात

गरोदरपणाच्या तपासणीला आलेली बाई बहुधा एकच प्रश्न विचारते, "डॉक्टर, नॉर्मल होईल ना?" ते आजच कुणालाही सांगता येत नाही, हे त्याचं खरं उत्तर. पण त्या प्रश्नाआड आणखी बरेच प्रश्न थांबलेले असतात. पाठीत इंजेक्शन देतात, त्याने कंबर कायमची धरते का? पोट कापताना मला कळेल का? बाळाला लगेच पाजता येईल? पुढच्या खेपेलाही सीझरच का? बिल किती होईल? आणि सगळ्यांत खोल दडलेला प्रश्न असा, की माझं ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवणार कोण? हे पुस्तक त्या थांबलेल्या प्रश्नांसाठी आहे.

बायकांनी ज्या शब्दांत विचारलं त्याच शब्दांत प्रश्न ठेवले आहेत. वार खाली आहे, नाळ गळ्याभोवती आहे, बाळ आडवं आहे, पाणी कमी झालंय, बाळाने आतच शी केली, पिशवीचं तोंड उघडत नाही, ठोके कमी झाले. लेबर रूमच्या दारात उभ्या असलेल्या माणसांच्या कानावर हीच वाक्यं पडतात आणि त्यांचा अर्थ नीट कळायच्या आत कागदावर सह्या होतात. या वाक्यांचा अर्थ सांगणं हे पुस्तकाचं पहिलं काम. त्या सगळ्यांचं वजन सारखं नसतं, हे सांगणं दुसरं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं.

वार पिशवीच्या तोंडावर पूर्ण बसली असेल तर वादाला जागा नाही. बाळाला बाहेर यायची वाटच बंद असते आणि कळा सुरू झाल्या की आईच्या जिवावर बेतेल इतका रक्तस्राव होऊ शकतो. बाळ आडवं असताना कळा वाढल्या, किंवा पाणी गेल्यावर नाळ बाळाच्या आधी खाली घसरली, तरी तेच. नाळ घसरलेली असेल तर मिनिटं मोजायची असतात. अशा वेळी सीझर दोन जीव वाचवतं आणि तिथे "थोडं थांबू या का" म्हणणाऱ्या नातेवाइकाला मी हात जोडून बाजूला व्हायला सांगेन.

गळ्याभोवतीच्या नाळेचं मात्र तसं नाही. साधारण चार बाळांमागे एकाच्या गळ्यात नाळेचा वेढा असतो, आणि त्यांतली बहुतेक बाळं सरळ जन्मतात. डोकं बाहेर आलं की डॉक्टर किंवा सिस्टर बोटाने तो वेढा सोडवतात. नुसता सोनोग्राफीच्या कागदावर वेढा दिसला म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायचं कारण नाही. कळांमध्ये बाळाचे ठोके बिघडू लागले तर तेव्हा निर्णय घेता येतो. पाणी कमी असेल तर किती कमी, कितव्या आठवड्यात, बाळाची वाढ कशी, त्याला रक्त नीट पोचतंय का, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. बाळाने आत शी केली आणि पाणी हिरवट आलं, तर काळजी वाढते, ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. पण ठोके चांगले असतील आणि प्रसूती जवळ आली असेल तर सरळ प्रसूतीही होते. या तिन्ही कारणांनी झालेली सगळी सीझर अनावश्यक होती असं मी म्हणत नाही. "पाणी कमी आहे" एवढं अर्धं वाक्य ऐकून कुणी थांबू नये, पुढचं अर्धं विचारावं, इतकंच म्हणते.

पायाळू बाळाबद्दल थोडं सविस्तर. पायाळू माणसावर वीज पडते, त्याची लाथ बसली की कंबरेतली उसण जाते, असं आपल्याकडे म्हणत आले आहेत. जे पायाळू मूल जन्मून जगलं त्याच्या वाट्याला हे वेगळेपण आलं. जी जगली नाहीत त्यांच्या गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर जगभरातच पायाळू बाळासाठी ठरवून सीझर करण्याकडे कल गेला. त्यामुळे पायाळू बाळांची सरळ प्रसूती करण्याचा हात असलेले डॉक्टरही कमी होत गेले. पण एक गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही. छत्तीस-सदतीसाव्या आठवड्यात बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवता येतं, आणि साधारण निम्म्या वेळा ते फिरतंही. प्रत्येकीसाठी ते योग्य नसतं. वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल तर ते करत नाहीत. ते करायचं तर तातडीने सीझर करण्याची सोय असलेल्या ठिकाणीच. पण विचारायला काय हरकत आहे?

"पिशवीचं तोंड उघडत नाही" हे वाक्य पहिलटकरणीच्या बाबतीत सगळ्यांत जास्त ऐकू येतं. दर तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडलंच पाहिजे, हा हिशेब अनेक वर्षं लेबर रूममध्ये चालत आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की हा वेग सगळ्या बायकांना लावणं बरोबर नाही. खऱ्या जोरदार कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरनंतर धरावा, आणि पहिल्या बाळंतपणात तो बारा तासांपर्यंत चालू शकतो. आई आणि बाळ ठीक असतील तर नुसतं हळू चाललंय म्हणून घाई करू नये. म्हणजे तीन सेंटिमीटरवर दाखल करून घेतलं, सहा तासांत तोंड फारसं उघडलं नाही आणि सीझर झालं, तर खऱ्या अर्थाने कळांची वेळ आलीच नव्हती, अशीही शक्यता असते. कळांच्या अगदी सुरुवातीला दवाखान्यात धाव घेण्याऐवजी, पाणी गेलेलं नसेल, रक्त जात नसेल, बाळ नीट हलत असेल आणि दवाखाना जवळ असेल, तर घरी थोडं चालावं, खावं-प्यावं, विश्रांती घ्यावी, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी.

गर्भपिशवीला टाका घातलेल्या बायकांचा एक खास प्रश्न असतो : "टाका आहे, म्हणजे सीझर पक्कंच ना?" नाही. मुदतीआधी तोंड उघडू नये म्हणून घालायचा हा टाका जगाला दिला तो मूळचे गोव्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी, १९५५ मध्ये. आजही जगभरच्या पुस्तकांत तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. सर्वसाधारणपणे हा टाका छत्तीस-सदतीसाव्या आठवड्यात काढतात आणि त्यानंतर बाई नेहमीसारखी बाळंत होऊ शकते. टाक्याची तऱ्हा वेगळी असेल तर डॉक्टर तसं सांगतील.

आता आकड्यांकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सीझरने झाल्या. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत हे प्रमाण ८.५ टक्के होतं. महाराष्ट्रात पाचव्या फेरीचा आकडा २५.४ टक्के, म्हणजे चार बाळंतिणींमागे एक. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. हा शेवटचा फरक कुणालाही अस्वस्थ करील. खासगीत जाणाऱ्या बायकांची हाडं काही वेगळी नसतात.

यामागे पैसा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केवळ पैसा म्हणून सोडून देणंही खरं नाही. आपल्याकडची बहुतेक खासगी प्रसूतिगृहं एका डॉक्टरच्या जिवावर चालतात. तोच ओपीडी पाहतो, तोच रात्री उठतो. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो आणि तो गावातल्या पाच दवाखान्यांत फिरत असतो. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालल्या तर तिच्या शेजारी बसून ठोके ऐकणारी, पाठ चोळणारी, धीर देणारी प्रशिक्षित प्रसाविका नसते. पहाटे तीन वाजता अचानक सीझरची वेळ आली तर भूलतज्ज्ञ मिळेल का, रक्त मिळेल का, या धास्तीने डॉक्टर संध्याकाळी सातलाच ऑपरेशन ठरवतो. काही बिघडलं तर नातेवाईक काचा फोडतील ही भीती वेगळीच. आणि कित्येकदा नातेवाईकच म्हणतात, "तिला सोसवत नाहीये, करून टाका सीझर." प्रसाविकांचं स्वतंत्र प्रशिक्षण सुरू करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढल्या. ते काम नेटाने झालं तर या आकड्यांत जो फरक पडेल, तो डॉक्टरांना दटावून पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

किती टक्के सीझर योग्य, असा प्रश्न पत्रकार विचारतात. दहा ते पंधरा टक्के हा आकडा १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा इथल्या बैठकीतून आला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो विषय पुन्हा मांडला. समाजात सीझरचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेल्यानंतर माता आणि नवजात बाळांचे मृत्यू त्यामुळे आणखी कमी होताना दिसत नाहीत, हे तिने सांगितलंच. पण ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा ज्या बाईला गरज आहे तिला सीझर मिळालं पाहिजे, यावर भर दिला. टेबलावर झोपलेल्या बाईला टक्केवारीचा उपयोग नसतो. तिला स्वतःपुरतं कारण हवं असतं.

म्हणून मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगते. "का?" हे बाईने स्वतः विचारावं, वेळ हाताशी असताना विचारावं, आणि उत्तर तिला मिळावं; तिच्या सासऱ्यांना बाजूला घेऊन दिलेलं उत्तर पुरेसं नाही. कळा भरात असताना, घाम फुटलेला असताना, कुणी समोर फॉर्म धरला तर कुणीही सही करील. ती वेळ चर्चेची नव्हेच. चर्चेची वेळ सातवा महिना. तेव्हा बाई सावध असते, डॉक्टरांना पाच मिनिटं जास्त देता येतात, आणि गरज पडली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायलाही अवधी असतो.

सही कुणाची, याबद्दल गैरसमज फार आहे. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. तो खटला बाळंतपणाचा नव्हता. रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढण्यात आलं होतं. न्यायालयाने म्हटलं, की सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती चालत नाही, आणि संमतीपूर्वी उपचार काय, धोके काय, पर्याय काय, याची पुरेशी माहिती रुग्णाला मिळायला हवी. जीव वाचवण्याची निकड असेल तो अपवाद वेगळा. याचा दुसराही अर्थ लक्षात घ्या. "नवरा पुण्याहून निघालाय, तो आल्यावर सही करू," असं म्हणत बाळाचे ठोके पडत असताना तास घालवायचं कारण उरत नाही. बाई स्वतः हो म्हणू शकते. त्या तासाने कितीतरी बाळांचं आयुष्य ठरतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. या रीतीत माया आहे, विश्रांती आहे, आईच्या हातचं खाणं आहे. ती मोडावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण सात महिने ठाण्यात किंवा पिंपरीत एका डॉक्टरकडे दाखवायचं आणि ओटभरणं झालं की दोनशे किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी नव्या डॉक्टरसमोर जाऊन बसायचं, यात धोका आहे, तो ओळखून तयारी करावी. पूर्ण फाइल बरोबर हवी : रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, सगळ्या सोनोग्राफ्या, रक्तदाबाच्या नोंदी. माहेरी पोचल्याच्या आठवड्यातच नव्या डॉक्टरांना भेटावं. रात्री सीझर लागलं तर इथे होईल का? भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्त कुठून आणतात? बाळाला श्वासाचा त्रास झाला तर जवळचं नवजात अतिदक्षता केंद्र कुठे आहे? डोहाळजेवणाला जमलेल्या बायका प्रसूतीबद्दल खूप काही सांगतील. हे चार प्रश्न मात्र त्यांतली क्वचितच कुणी सुचवते.

प्रत्यक्ष ऑपरेशनाची माहिती पुस्तकात चित्रांसह आहे, म्हणून इथे थोडक्यात. आधी सहा तास जेवण नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. कमरेत बारीक सुईने भूल दिली की छातीखालचा भाग बधिर होतो, बाई जागी असते, ओढल्याचं आणि दाबल्याचं जाणवतं, दुखत नाही. थंडी वाजून अंग थरथरतं, मळमळतं. ते सांगितलं की औषध देतात. पोटाचे स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात. बाळ पहिल्या काही मिनिटांत बाहेर येतं, बाकीचा वेळ शिवण्यात जातो, सगळं मिळून पाऊण-एक तास. कंबरेचं म्हणाल तर वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरेचं खापर त्या इंजेक्शनावर फुटतं, पण त्याला आधार सापडलेला नाही. सैल झालेले सांधे, झोपमोड, वाकून पाजणं, पुढे-पुढे भारी बाळ कडेवर घेणं, यांनी कंबर धरते, आणि ती नॉर्मल झालेल्यांचीही धरते. भुलीनंतर डोकं दुखणं मात्र खरं असतं. शंभरात एखादीला होतं. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. ते अंगावर न काढता भूलतज्ज्ञांना सांगावं, त्यावर उपाय आहे.

आता त्या प्रश्नाकडे, ज्यासाठी हे पुस्तक मला विशेष गरजेचं वाटतं : "एकदा सीझर म्हणजे पुढे कायम सीझर?" हा समज १९१६ मध्ये अमेरिकेतल्या एडविन क्रॅगिन यांच्या एका वाक्यापासून रुजला. तेव्हा पिशवीच्या वरच्या जाड भागात उभा छेद घेत. तो व्रण पुढच्या कळांत फाटण्याची भीती मोठी होती. पुढे ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात पिशवीच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याची पद्धत रुजवली. तो व्रण जास्त भरवशाचा असतो, आणि आज बहुतेक सगळी सीझर तशीच होतात. म्हणून पहिल्या सीझरचं कारण पुन्हा उद्भवणारं नसेल, छेद आडवा असेल, मधे दीड-दोन वर्षांचं अंतर असेल, तर दुसरी प्रसूती नॉर्मल करण्याचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या शंभर जणींपैकी साठ ते ऐंशी यशस्वी होतात; आधी कधी सरळ प्रसूती झालेली असेल तर त्याहून जास्त. व्रण फाटण्याचा धोका दोनशे जणींत एक, असा आहे. तो लहान आहे, पण ज्या एकीला होतो तिच्यासाठी फार मोठा. त्यामुळे हा प्रयत्न चोवीस तास थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असलेल्या ठिकाणीच करावा. एवढी सोय नसताना "मी नॉर्मलच करणार" म्हणून हट्ट धरणाऱ्या बाईला मी परावृत्त करीन.

इथे एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. कातडीवरचा व्रण आडवा दिसला म्हणजे आतला छेदही आडवाच असेल असं नाही. आत काय केलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, किंवा असायला हवं. घरी जाण्याआधी विचारून घ्या : सीझर कशासाठी केलं, पिशवीवर छेद कोणता घेतला, काही अडचण आली का, पुढच्या वेळी काय करावं? ते कागदावर लिहून मागा. तो कागद दागिन्यांच्या डब्यात ठेवण्याच्या लायकीचा आहे.

किती सीझर चालतात, याला ठरलेला आकडा नाही. पण प्रत्येक वाढत्या सीझरबरोबर पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढत जातो, आणि तशी रुतलेली वार सोडवताना कधी कधी गर्भपिशवीच काढावी लागते. पहिलं सीझर विचार करून व्हावं, याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. पहिल्या वेळी केलेली घाई तिसऱ्या बाळंतपणात पुढे उभी राहते. गर्भनिरोधनाचा विचारही त्यामुळे आधीच करावा. इच्छा असेल तर तांबी सीझरच्या वेळीच बसवता येते.

मुहूर्ताबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. गुरुपुष्य गाठायचा, अमावास्या टाळायची, तारखेचे आकडे जुळवायचे, म्हणून आठवडा-दोन आठवडे आधी बाळ काढण्याचा आग्रह सुशिक्षित घरांतूनही येतो. वैद्यकीय कारण नसताना एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्याआधी ठरवून सीझर करू नये. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण फुप्फुसातलं पाणी शोषलं जायला कळांची आणि पूर्ण दिवसांची मदत लागते. ज्याच्या पत्रिकेसाठी एवढा खटाटोप, तेच बाळ काचेच्या पेटीत जातं. एकोणचाळीस आठवड्यांनंतर, सीझर ठरलेलंच असेल, तर सोमवार की गुरुवार हे ज्याने-त्याने पाहावं.

उलट बाजूने, "मला कळा नकोतच, सीझर करा" म्हणणारीही असते. तिला भित्री म्हणून हिणवू नये. तिची भीती ऐकून घ्यावी, कळा कमी करणारी एपिड्युरल भूल कुठे मिळते ते सांगावं, लेबर रूममध्ये सोबतीला आई किंवा बहीण राहू शकते का ते पाहावं. सरकारी प्रसूतिगृहांसाठी २०१७ मध्ये आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीच्या सोबतिणीला जागा दिली आहे. जवळचं माणूस उशाशी असलं की कळांची भीती निम्मी होते, हे मी डोळ्यांनी पाहत आले आहे.

सीझरनंतरच्या सव्वा महिन्यावर या पुस्तकात मोठं प्रकरण आहे, कारण तिथे घरोघरी वेगळा कायदा असतो. भाताने टाके पिकतात, पाणी प्यायलं की पोट सुटतं, डाळ बाधते. या कुठल्याच गोष्टीला आधार नाही, आणि उपाशी, तहानलेल्या बाळंतिणीची जखम उशिरा भरते. पोळी, भात, वरण, अंडी, पालेभाजी, भरपूर पाणी, सगळं खावं-प्यावं. अळीवाची खीर आणि डिंकाचा लाडू आनंदाने खावा, लोहाच्या गोळ्या मात्र त्यांच्यासाठी सोडू नयेत. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. तो धूर आई-बाळ दोघांनाही घातक आहे. पहिल्या दिवशीच आधार घेऊन उठावं, चार पावलं चालावं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ते गरजेचं आहे. बाळाला पहिल्या तासातच, थिएटरमध्ये किंवा बाहेर आल्याबरोबर, छातीला लावता येतं. दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागला तरी चिकाच्या दोन थेंबांवर बाळाचं भागतं. मध चाटवू नये. ताप, जखमेतून पू, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप : यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि जखमेइतकंच जे बोचतं ते बोलणं. "आमच्या वेळी शेतात बाळंत व्हायचो." व्हायच्या, खरंच, आणि त्या काळातल्या किती जणी त्यातच गेल्या, हे प्रत्येक जुन्या घराला माहीत आहे. सीझर झालेल्या बाईने कळा सोसल्या नाहीत म्हणून तिचं आईपण उणं ठरत नाही. पोटाचे थर शिवलेले असताना रात्री तीनदा उठून पाजणारी ती बाई आहे. सासूबाईंनी आणि नणंदांनी हे प्रकरण जरूर वाचावं, अशी माझी विनंती आहे.

खर्चाबद्दल : जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात सीझर पूर्ण मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, सात दिवसांपर्यंतचं जेवण आणि येण्याजाण्याची गाडीही त्यात येते. खासगी शुश्रूषागृहांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा महाराष्ट्रात २०२१ पासून नियम आहे. ते दिसलं नाही तर मागावं.

हे सगळं लिहिताना दुसऱ्या महाराष्ट्राचा विसर पडून चालणार नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. तिथल्या बाईचा प्रश्न "सीझर का?" हा नसतो, "सीझर मिळेल का?" हा असतो. तिच्यासाठी आदिवासी भागांत माहेरघर योजना आहे. दिवस भरत आले की आरोग्य केंद्राशेजारी येऊन राहायची सोय. जिथे ती नीट चालते तिथे जीव वाचतात. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता, म्हणजे आपली स्थिती बरी. पण त्या ३३ मध्ये वेळेवर गाडी, भूलतज्ज्ञ किंवा रक्ताची पिशवी न मिळालेल्या बायका आहेत. शहरातलं अनावश्यक सीझर आणि दुर्गम पाड्यावर न झालेलं सीझर, या दोन्हींवर एकाच वेळी बोलायला हवं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक मोठ्या अक्षरांत छापले आहेत. ते पान कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा. त्याखाली रिकाम्या ओळी आहेत : तुमचा रक्तगट, जवळच्या सीझर होणाऱ्या दवाखान्याचा फोन, मध्यरात्री गाडी काढू शकेल असा शेजारी, आणि रक्त देऊ शकतील अशी दोन माणसं. त्या ओळी आजच भरा.